म्हाताऱ्या मांजरीची दाढ

आमच्या शब्बोचे सहा दात काढले हे शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत कळलं, तेव्हा मला सगळ्यांनी दोनच प्रश्न विचारले. खर्च किती आला आणि तिचं वय काय? वय तेरा म्हटलं की खर्चाचा आकडा ऐकायलाही कोणी थांबत नव्हतं. "म्हातारं मांजर ते, किती दिवस राहणार हाय," असं शेजारच्या काकू म्हणाल्या. काकू काही निष्ठुर नाहीत, दारात येणाऱ्या चार मांजरांना रोज सकाळी त्याच दूध घालतात. माझं भांडण त्यांच्याशी नाही. म्हातारपणी दुखायचंच, या समजुतीशी आहे.

खरं तर जनावराच्या तोंडात बघणं आपल्याला नवीन नाही. बैलबाजारात सौदा करायच्या आधी बैलाचा जबडा उघडतात. दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला, यावर त्याची किंमत ठरते. बकरी ईद जवळ आली की आमच्याकडेही तेच. बोकड दोनदाती झालाय ना, याची खात्री करायला घरातला जो तो त्याचा ओठ वर करून बघतो. म्हणजे जनावराचा दात हा आपल्या लेखी वयाचा दाखला आहे. दाखला बघून झाला की तोंड मिटलं. त्या तोंडात ठणका असू शकतो, हिरडी सुजलेली असू शकते, हे बघायला पुन्हा कोणी ओठ वर करत नाही.

मांजराला तीस दात असतात. उतारवयात त्यांच्या दातांना होणारा एक आजार फार सर्रास आढळतो. शरीरातल्याच पेशी दात आतून पोखरून विरघळवत जातात. वरून दिसतो तो हिरडीच्या कडेला एखादा लाल ठिपका, तोही दिसला तर. खरी पडझड हिरडीखाली असते आणि ती एक्स-रेशिवाय कळत नाही. मांजर काही "आ कर" म्हटल्यावर आ करत नाही, म्हणून तो एक्स-रेही भूल देऊनच काढावा लागतो. माणसाच्या किडक्या दाढेत सिमेंट भरतात तसं इथे भरून चालत नाही. दात काढणं हाच इलाज.

शब्बोची लक्षणं काय होती? भुकेनं वाटीपाशी यायची, वास घ्यायची आणि मागे फिरायची. खाल्लं तर मान एका बाजूला कलती करून. कोरडे दाणे तोंडातून खाली पडायचे. अंगावरची फर एका बाजूला गुंतायला लागली होती, कारण चाटणं कमी झालं होतं. ही सगळी लक्षणं कोणत्याही मांजरात लवकर ओळखता येतील. शब्बोसारख्या घाबरट मांजरात ती स्वभावात जमा होतात. दारावरची बेल वाजली की पलंगाखाली, पाहुणे आले की माळ्यावर, मिक्सर लागला की कपाटामागे, हे तिचं तेरा वर्षांचं रेकॉर्ड. मग ती खाताना मागे फिरली तर घरात कोणीही म्हणणार, नखरे आहेत तिचे. भित्र्या मांजराचं दुखणं असं त्याच्या भीतीमागे लपून राहतं. तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की जे मांजर जास्त भित्रं, त्याचं तोंड जास्त वेळा तपासलं पाहिजे. आपण नेमकं उलट करतो. ते त्रास देतं म्हणून त्याला दवाखान्यात नेतच नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. उर्दूत जनावराला बेजुबान म्हणतात, मराठीत मुकं. दोन्ही शब्द दयेपोटी आलेले आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. मांजर बोलतं, पण चेहऱ्यानं. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पद्धत प्रसिद्ध केली. कान कसे आहेत, डोळे किती आकसलेत, नाकातोंडाचा भाग किती ताठ आहे, मिशा कशा आहेत, डोकं खांद्याच्या वर आहे की खाली, या पाच गोष्टी बघायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यायचे. शिक्षिकेला हे कळायला अवघड नाही. शेवटच्या बाकावरचं पोर आज उपाशी आलंय हे आम्ही असंच ओळखतो. मांजर डोळे मिटून दूध पितं, अशी म्हण आपण लबाडीसाठी वापरतो. दुखणारं मांजरही डोळे बारीक करतं, हे म्हण बनवणाऱ्याला ठाऊक नसावं.

आता वयाचा मुद्दा. एका ठिकाणी मला सांगण्यात आलं, की या वयात भूल देऊन काय साधणार, मऊ खायला घाला. मऊ खायला घाला, हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. माझी दादी शेवटची सहा-सात वर्षं चपाती चहात बुडवून खायची. तिला मटण आवडायचं, पण ती रस्सा घ्यायची आणि फोड मुलांच्या ताटात टाकायची. सगळे म्हणायचे, किती सब्र आहे म्हातारीला. तिला दातांच्या डॉक्टरकडे कोणी नेलं नाही, तिनंही कधी म्हटलं नाही. सोसणाऱ्याचं कौतुक करणं फार स्वस्त पडतं.

वय हा आजार नाही. भूल द्यायची की नाही हे मूत्रपिंड, हृदय, रक्त यांवरून ठरतं, जन्मतारखेवरून नाही. आम्हाला जे डॉक्टर मिळाले त्यांनी आधी रक्त तपासलं, मग होकार दिला. धोका नसतो असं कोणताही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. पण रोज दोन वेळा दुखऱ्या दातांनी खाणं, हा धोका नाही का? तो फक्त आपल्याला दिसत नाही. आपल्याकडची बरीचशी पशुवैद्यकीय व्यवस्था गाई-म्हशींभोवती उभी राहिली आहे, आणि त्यात गैर काही नाही. गंगावेशीत समोर धार काढलेलं दूध पिणाऱ्या या गावात म्हशीचा मान मोठाच राहणार. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांसाठीचं मोठं रुग्णालय सुरू झालं. कोल्हापूरसारख्या शहरात मात्र मांजराच्या दाताचा एक्स-रे कुठे निघेल हे विचारत फिरावं लागतं.

ऑपरेशनची तारीख ठरवताना मी आधी फुटबॉलचं वेळापत्रक बघितलं. हसू नका. पेठेतला संघ शाहू स्टेडियमवर जिंकला की रात्री फटाके आणि सायलेन्सर काढलेल्या गाड्या असतात, आणि टाके घातलेल्या घाबरट मांजराला ती रात्र परवडणारी नव्हती. निघण्याआधी घरीच द्यायचं गॅबापेंटिन डॉक्टरांनी त्यांच्या मापानं दिलं होतं. त्यामुळे पिंजऱ्यात घालताना नेहमीची झटापट झाली नाही. भित्र्या मांजराची काळजी ऑपरेशनच्या टेबलावर सुरू होत नाही, घराचा उंबरा ओलांडायच्या आधी सुरू होते.

घरी आणल्यावरचे पहिले दोन दिवस अवघड असतात, पण अडचण होते ती घरातल्या मायेची. भुलीमुळे पाय लटपटत असतात, बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, तोंडातून थोडी लालसर लाळ येते. सगळ्यांना वाटतं उचलून घ्यावं. सासूबाई, ज्यांना आम्ही अम्मी म्हणतो, त्या तिला मांडीवर घेऊन फुंकर मारायला निघाल्या होत्या. आमचं घर जुनं, लाकडी जिना उभा, वर माळा. म्हणून मागची छोटी खोली रिकामी केली, जिन्याचं दार लावलं, उडी मारता येईल असं सगळं काढलं. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून त्यात माझी न धुतलेली ओढणी टाकली. कडा बुटकी असलेला मातीचा ट्रे एका कोपऱ्यात, पाणी दुसऱ्या कोपऱ्यात. आणि मग तिला एकटं सोडलं.

एकटं सोडणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे, हे घरात पटवायला मला ऑपरेशनपेक्षा जास्त वेळ लागला. लपून बसणं हे भित्र्या मांजराचं औषध आहे. पलंगाखालून ओढून काढून प्रेम केलं, तर ते प्रेम तिच्यापर्यंत पोचत नाही, हात तेवढा पोचतो. मी संध्याकाळी त्या खोलीत जमिनीवर बसून तिच्याकडे पाठ करून वह्या तपासत होते. रोखून बघायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. आजारी माणसाला भेटायला यावं तशा गल्लीतल्या बायका आल्या, त्यांना चहा बाहेरच्या खोलीत दिला. एक भाभी रुसल्या. रुसू देत.

खाण्याच्या बाबतीत मात्र एकटं सोडून चालत नाही, तिथे घड्याळ लावून बसावं लागतं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, विशेषतः अंगानं भरलेलं असेल, तर यकृतात चरबी साठून ते दगावू शकतं. म्हणून एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचाच. मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन मिक्सरमधून काढायचं आणि कोमट करून द्यायचं, कारण गरम झाल्यावर वास सुटतो आणि मांजर वासावर जेवतं. घरातली यखनी द्यायची नाही. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्ताला घातक. शब्बोनं दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणी बघत नसताना, अर्धी वाटी संपवली. फजरला उठले तेव्हा वाटी चाटूनपुसून ठेवलेली दिसली.

दुखतंय म्हणून घरातली गोळी देणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आपली साधी पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते; तिचं विष उतरवायची ताकद त्याच्या यकृतात नसते. दातदुखीवरचं लवंगेचं तेलही नको. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक, तेवढंच आणि तेवढेच दिवस. ती बरी दिसते म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करणंही नको. बरी दिसणं हा मांजराचा जुना धंदा आहे.

पैशांबद्दल. नव्या फ्रिजचा बेत पुढे गेला, एवढंच सांगते. माणसं उपाशी असताना मांजरावर खर्च का, असं विचारणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी फ्रिज न घेता कोणाला जेवू घातलेलं मी पाहिलं आहे. आमच्या समाजात मांजराला मान आहे. अबू हुरैरा यांचं नावच मांजराच्या पिल्लावरून पडलं, हे पोराटोरांना ठाऊक असतं. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही घरोघरी सांगतात, पण तिचा अर्थ मांजराला खायला घाला इतकाच घेतात. त्या बाईनं तिला स्वतः खाऊही घातलं नाही आणि बाहेर जाऊन शोधूही दिलं नाही, असं त्यात आहे. ज्यानं दार लावून घेतलं, त्याच्यावर हिशेब आला. शब्बो तेरा वर्षं माझ्या दाराच्या आत आहे. तिच्या पोटाचा हिशेब माझा, तर तिच्या दातांचा कोणाचा?

टाके आपोआप विरघळतात. कोरडे दाणे दोन आठवडे बंद ठेवायला सांगितलं होतं, पण खरं तर मांजरं फारसं चावत नाहीत. सगळे दात गेलेली मांजरंही पोटभर जेवतात. शब्बोची फर पुन्हा नीट झाली आहे. बेल वाजली की ती अजूनही पलंगाखाली जाते.

तुमच्याकडे आठ-दहा वर्षांचं मांजर असेल तर पुढच्या लसीला नेताना डॉक्टरांना ओठ वर करून हिरड्या बघायला सांगा, आणि मूत्रपिंडासाठीचं रक्तही त्याच वेळी देऊन या, म्हणजे पिंजऱ्यात घालायची धडपड एकदाच होईल.