हत्यार नव्हतं म्हणून फक्त 'एनसी'? नवऱ्याच्या मारहाणीत कायदा काय बघतो?

नवऱ्याने मारलं, अशी तक्रार आली की प्रश्न येतो: कशाने? भारतीय न्याय संहितेत या उत्तराला वजन आहे. हाताने मारून साधी दुखापत झाली तर कलम 115(2) लागतं. शिक्षा जास्तीत जास्त 1 वर्ष, गुन्हा अदखलपात्र, म्हणजे नुसती 'एनसी'. तीच दुखापत चाकूने किंवा तापलेल्या उलथन्याने केली तर कलम 118(1): 3 वर्षांपर्यंत कैद आणि गुन्हा दखलपात्र.

पण घरात हत्यार लागतंच कुठे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दर चार विवाहित महिलांपैकी एकीने नवऱ्याने थप्पड मारल्याचं सांगितलं.

सगळ्यात फसवी इजा गळा दाबण्याची. अनेकदा कातडीवर वळही उठत नाही. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत लाल ठिपके येतात. मानेतली रक्तवाहिनी दुखावली असेल तर काही दिवसांनी पक्षाघातही होऊ शकतो. म्हणून 'गळा दाबला' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं आणि केसपेपरवर लिहून घ्यावं. तिथे 'पाय घसरून पडली' असं लिहिलं गेलं, तर पुढे कोर्टात तेच आडवं येतं.

हत्यार नसलं तरी वाट बंद होत नाही. दात तुटला, हाड मोडलं किंवा 15 दिवस रोजची कामं करता आली नाहीत, तर ती 'गंभीर दुखापत' ठरते आणि शिक्षा 7 वर्षांपर्यंत जाते. नवऱ्याच्या क्रूरतेसाठी कलम 85 आहे. लिव्ह-इनमधल्या महिलेला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागता येतं.