बदलीचा हुकूम आणि कुलूपबंद घर

बदली ही शासकीय नोकरीच्या पाचवीला पुजलेली. पुण्यात किंवा नागपुरात कर्ज काढून घर घ्यावे आणि वर्षभरात गुवाहाटीचा किंवा चेन्नईचा हुकूम हाती पडावा, हा अनेकांचा अनुभव आहे. मागे घराचा हप्ता, पुढे नव्या गावचे भाडे. अशा वेळी मागचे घर तात्पुरते भाड्याने देणे हा सरळ मार्ग. परंतु बहुतेक गृहकर्ज करारांत एक अट छापलेली असते : बँकेच्या लेखी पूर्वसंमतीवाचून घर भाड्याने देऊ नये. ही अट आज ज्या सरसकटपणे घातली जाते, तिला माझा विरोध आहे.

मूळ कायदा इतका कठोर नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 65-अ गहाण ठेवणाऱ्याला, घर त्याच्या ताब्यात असेतोवर, रास्त भाड्याने व जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी भाडेपट्टा करू देते; मात्र गहाणखतात याउलट ठरले नसेल तरच. कायद्याने दिलेली ही मुभा बँकेचा छापील मसुदा एका ओळीत काढून घेतो. सही करणाऱ्याला तेथे बोलण्यास वाव नसतो.

बँकांची भीती अगदीच निराधार नाही. कर्ज थकले आणि घरात भाडेकरू असला तर जप्ती अवघड होते. हर्षद गोवर्धन सोंडागर खटल्यात (2014) सर्वोच्च न्यायालयाने वैध भाडेपट्ट्यांना संरक्षण दिलेच आहे. पण लीव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेपट्टा नव्हे. त्याने घरात हितसंबंध निर्माण होत नाही. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 नुसार मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याला दुप्पट शुल्काइतकी भरपाई द्यावी लागते. मग 11 महिन्यांच्या नोंदणीकृत कराराचे भय कशाला?

उलट या अटीमुळे लपवाछपवी वाढते. बँकेला कळू नये म्हणून करार नोंदवला जात नाही. त्याच अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी आहे. ती नसेल तर, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी ग्राह्य धरल्या जातात. म्हणजे बँकेच्या रक्षणासाठी घातलेली अट बँकेचेच तारण दुबळे करते.

आयकर कायद्याने मालकाची अनुपस्थिती केव्हाच मान्य केली आहे. 2025 च्या वित्त अधिनियमाने तर, कोणत्याही कारणास्तव मालक राहू शकत नसला तरी दोन घरांपर्यंत वार्षिक मूल्य शून्य धरले. बँकांनी तेवढे तरी औदार्य दाखवावे.

अट मोडा, असे मी सुचवीत नाही. बदलून गेलेल्याने बँकेस लेखी कळवावे, करार नोंदवावा, घर गहाण असल्याचे भाडेकरूस सांगावे. बँकेने पंधरा दिवसांत सकारण नकार न दिल्यास संमती गृहीत धरावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने करावा. शासन माणसाला देशभर फिरवणार आणि बँक त्याच्या घराला कुलूप लावायला सांगणार, हा न्याय नव्हे.