मांडव्याच्या पोराने आधी पदवी घ्यायला हवी होती का?

‘आधी पदवी पदरात पाडून घे, खेळ कुठे पळून जात नाही.’ बीड जिल्ह्यात मैदानावर थोडे नाव काढलेल्या पोराला हे कुणीतरी सांगतेच. सांगणारे शिक्षक असतात, मामा असतात, हितचिंतकच असतात. तरीही हे मत मला चुकीचे वाटते, आणि आपल्या जिल्ह्यापुरते तर घातक वाटते. खेळ पळून जातो. थांबू शकते ती पदवी.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. शेतकऱ्याचा मुलगा, गावाहून शाळा सहा किलोमीटर, वाहन नाही. मग चालत नाहीतर पळत जायचे. बारावी झाली आणि तो लष्करात, 5 महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. 2015 मध्ये तो लष्करातल्या क्रॉसकंट्री स्पर्धांत उतरला आणि पुढे प्रशिक्षक अमरीशकुमार यांनी त्याला 3000 मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवले. 2018 मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा 37 वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. 1998 ते 2018 या काळात राष्ट्रकुल स्पर्धांतले या शर्यतीचे एकही पदक केनियाबाहेर गेले नव्हते; 2022 मध्ये बर्मिंगहॅमला साबळेने 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्य आणले. 2023 मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण, 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बिनतोड वाटतो. स्टीपलचेस त्याला भेटली ती विशी ओलांडल्यावर. मग मधल्या तीन वर्षांत बीए सहज झाले असते, नाही का? नसते झाले. त्या काळी सैनिक जनरल ड्यूटीच्या भरतीची वयोमर्यादा साडेसतरा ते 21 होती. अठराव्या वर्षी बारावी झालेला मुलगा पदवी हातात घेईतो 21 चा होतो, म्हणजे भरतीचे दार मिटत आलेले असते. शिवाय स्टीपलचेस त्याला योगायोगाने भेटलेली नाही. पोटभर आहार, महिन्याचा पगार, धावण्यासाठी मोकळा वेळ आणि पारख असलेला प्रशिक्षक, हे सगळे लष्करात होते म्हणून ती भेटली. गावाकडच्या बीएच्या वर्गात यातले काय मिळाले असते?

अशा पोरांनी ‘कॉलेज सोडले’ असेही म्हटले जाते. हा शब्दप्रयोग अमेरिकेतल्या हॉकीपटूंबाबत वापरला जातो तेव्हा त्याला खरा अर्थ असतो. तिथली बर्फावरची हॉकी मोठ्या प्रमाणात विद्यापीठांतून पिकते. मॅकलिन सेलेब्रिनी हा कॅनडाचा मुलगा बोस्टन विद्यापीठाकडून 2023-24 चा एकच हंगाम खेळला, विद्यापीठीय हॉकीतला सर्वोच्च होबी बेकर पुरस्कार त्याने पटकावला, आणि त्याच उन्हाळ्यात सॅन होजे शार्क्स या व्यावसायिक संघाशी करार करून तो बाहेर पडला. तिथे त्याने काहीतरी सोडले. रिंक, प्रशिक्षक, डॉक्टर, व्यायामशाळा, हे सारे विद्यापीठाने पुरवले होते. त्याला आणखी थांब म्हणण्याचा तिथल्या लोकांना थोडा तरी अधिकार आहे. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांनी खेळाडूला दिलेले असते ते आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपुरते टी-शर्ट, प्रवासखर्च आणि 75 टक्के हजेरीची ताकीद. ज्याने धरलेच नव्हते, त्याला सोडले असे कसे म्हणायचे?

आणि करार म्हणजे तरी काय? आयपीएलच्या लिलावातली बोली डोळ्यांसमोर आणून लोक पोरांना पैशाच्या मोहाबद्दल बजावतात. बीडच्या सचिन धसने फेब्रुवारी 2024 मध्ये बेनोनीला, 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात 4 बाद 32 वरून संघाला सावरत 96 धावा केल्या, तेव्हा जिल्ह्याच्या डोळ्यांत ते स्वप्न उतरले हे खरे. पण आपल्या बहुसंख्य खेळाडूंचा करार म्हणजे लष्कर, पोलीस किंवा रेल्वे यांतली नोकरी. बीडमध्येच जन्मलेले संजय बांगर रेल्वेकडून खेळत भारतीय संघापर्यंत पोहोचले. ज्या घरातली माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात, त्या घरातल्या मुलाने बांधलेला पगार स्वीकारला तर त्याला मोह म्हणू नये. त्याच जिल्ह्यात मुलगी लग्नापायी अकरावी-बारावीतून निघून जाते, तेव्हा ‘आधी पदवी’ म्हणणारे आवाज फारसे उठत नाहीत, याची मला खंत आहे.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. साबळे एखादाच, गुडघा गेला, भरती हुकली, तालमीत चार वर्षे घालवून काहीच हाती लागले नाही, अशांचे काय? हा मुद्दा मी पूर्ण मान्य करते. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्याच्या तालमीत घडला, 2018 मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण, 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून पोलीस उपअधीक्षक झाला. त्याच मातीत घाम गाळलेल्या कितीतरी मल्लांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. 2022 पासून लष्करभरतीच्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होतात, म्हणजे बाविशी-पंचविशीत पोरे घरी परतणार. खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, पण पदाची शैक्षणिक अट सुटत नाही, आणि वरच्या पदांना पदवी लागते.

यातून निघते ते इतकेच की पदवी हवी. ती अठराव्या वर्षीच हवी, हे यातून निघत नाही. जाण्याची वाट अडवण्यात आपण जी शक्ती खर्च करतो, ती परतीच्या वाटेवर लावली पाहिजे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून हेच काम करते आहे. नोकरी सांभाळून तिथे पदवी घेता येते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मधेच बाहेर पडण्याची आणि पुन्हा येण्याची सोय केली: एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. मिळवलेली क्रेडिट्स अकॅडमिक बँकेत जमा राहतात. मात्र ती जास्तीत जास्त सात वर्षे. साबळेच्या भरतीपासून पॅरिसच्या अंतिम फेरीपर्यंत दहाहून अधिक वर्षे गेली. म्हणजे ज्याचा खेळ सर्वांत लांब चालला, त्याचीच क्रेडिट्स आधी बाद होणार.

ही मुदत राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंना लागू नसावी. खेळासाठी किंवा खेळाच्या नोकरीसाठी निघालेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाने दाखला हातात देऊन मोकळे होऊ नये. त्याची जागा राखीव आहे असे लेखी द्यावे, परत आल्यावर हजेरीची अट शिथिल करावी, आणि दुखापतीने परतलेल्याला चालू सत्रातच बसू द्यावे. याला नवे मैदान लागत नाही, की मोठा निधी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमात एक दुरुस्ती लागते, आणि महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात एक जादा रकाना.