नाटकाने दुर्गाडीचा पूल ओलांडावा

दुर्गाडी किल्ल्यापाशी कल्याण संपते. खाडीवरचा पूल ओलांडला की कोन लागते आणि भिवंडी तालुका सुरू होतो. जनगणनेच्या लेखी कोन हे शहर आहे, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो 5 च्या नकाशात कोनगाव स्थानकही आखलेले आहे. कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर इथून अवघ्या दोन-तीन किलोमीटरवर. तरीही दरवर्षी दिवाळीनंतर सुरू होणारा नाटकांचा हंगाम पुलाच्या पलीकडेच राहतो. येत्या हिवाळ्यात तो अलीकडे आणता येईल, आणि त्यासाठी नवे नाट्यगृह बांधून होण्याची वाट बघायची गरज नाही.

हा हंगाम या पट्ट्यात चांगला भरगच्च असतो. 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले, त्याची ही आठवण. त्याच सुमाराला सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी ठिकठिकाणच्या केंद्रांवर सुरू होते. या स्पर्धेने साठी कधीच ओलांडली आहे. कल्याण गायन समाज भास्करबुवा बखले यांच्या स्मरणार्थ देवगंधर्व संगीत महोत्सव भरवतो. जानेवारीत मुंबईत चतुरंग संस्थेची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा रात्रभर जागते आणि प्रजासत्ताक दिनाच्या पहाटे निकाल लागतो. डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर आणि ठाण्याचे 1978 सालचे गडकरी रंगायतन शनिवार-रविवारी व्यावसायिक नाटकांनी गजबजतात. भिवंडी शहरातही महापालिकेचे मीनाताई ठाकरे रंगायतन आहे. पण नाटकांच्या जाहिरातींपेक्षा दुरवस्थेच्या बातम्यांतच ते वर्षानुवर्षे जास्त दिसले.

कोनच्या माणसाला कल्याणला जाऊन नाटक बघायला कोणी अडवलेले नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण चौघांच्या कुटुंबाची तिकिटे काढायची, रात्री साडेअकराला प्रयोग सुटल्यावर शेअर रिक्षा विरळ झालेल्या असताना अवजड वाहनांच्या रांगेतून घर गाठायचे आणि सकाळी कामावर हजर व्हायचे, हे ज्याला झेपते तोच जातो. बाकीचे जात नाहीत आणि मग ‘तिकडे प्रेक्षक नाही’ असा शेरा बसतो.

यात वारही आड येतो. नाटकवाल्यांचा सगळा हिशेब शनिवार-रविवारचा. भिवंडीचे यंत्रमाग मात्र शुक्रवारी बंद असतात. बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या कामगाराला मोकळी संध्याकाळ मिळते ती शुक्रवारची, आणि त्याच संध्याकाळी कोणाही नाट्यसंस्थेला त्याची आठवण होत नाही. शुक्रवारी रंगमंदिराच्या तारखाही शनिवार-रविवारइतक्या अडलेल्या नसतात, कलाकार आणि तंत्रज्ञही त्या मानाने मोकळे असतात. भिवंडी तालुक्यात नाटक रुजवायचे तर शुक्रवार हाच पहिला वार धरावा लागेल.

नाट्यगृहाशिवाय हंगाम उभा राहतो का? महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला तो दरवर्षी उभा राहतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांचा झाडीपट्टी हा धानाचा मुलूख. धान कापून झाले, दिवाळी आटोपली की भाऊबीजेपासून तिथे नाटकांना तोंड फुटते आणि उन्हाळा लागेपर्यंत ती चालतात. देसाईगंज म्हणजे वडसा ही या रंगभूमीची पेठ. नाट्यमंडळ्यांची कार्यालये तिथेच थाटलेली असतात. गावोगावची मंडळे येतात, नाटक ठरवतात, तारीख पक्की करतात, बयाणा देतात. मंडईच्या जत्रेच्या किंवा शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्ताने पाहुणेरावळे आलेले असतात. शामियाना उभा राहतो, तिकिटे विकली जातात, रात्री नाटक सुरू होते ते पहाटेपर्यंत. कलावंतांना रात्रीप्रमाणे मानधन मिळते. दिवसा पुढच्या गावाचा प्रवास, संध्याकाळी पुन्हा रंगरंगोटी. तिकीटविक्रीतून खर्च वजा जाता उरलेला पैसा गावच्या मंडळाच्या हाती राहतो. या रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली.

यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे झाडीपट्टीचे नाटक गाण्यावाचून उभेच राहत नाही. वादक रंगमंचासमोर बसतात. हार्मोनियम किंवा ऑर्गन, तबला, क्लॅरिनेट आणि अलीकडे ऑक्टोपॅड, एवढ्या साथीवर रात्र निघते. मुंबई-पुण्यात संगीत नाटकाच्या ऱ्हासाची चर्चा होत असताना विदर्भाच्या या कोपऱ्यात शेतकरी थंडीत घोंगडी पांघरून, तिकीट काढून गाणी ऐकत बसतो.

कोन आणि आसपासची गावेही मुळात भाताचीच. शेतांची गोदामे झाली, खाडीकाठी इमारती चढल्या, तरी गावची जत्रा, मंडळे, शाळेचे पटांगण आणि एकमेकांच्या कार्याला धावून जाणारी भावकी शाबूत आहे. आगरी घरातली हळद पाहिलेल्या माणसाला इथल्या गाण्याच्या हौसेबद्दल वेगळे सांगावे लागत नाही. मांडवात कीबोर्ड, बेंजो, ढोलकी, ऑक्टोपॅड; गायक नवरदेवाच्या नातेवाइकांची नावे गाण्यात गुंफत जातो आणि समोर आजीपासून नातवापर्यंत सगळे नाचत असतात. धवलारणींनी लग्नविधीत म्हणायचे धवले आहेत, गौरीचे नाच आहेत. संगीत नाटकाला लागणारे वादक, आवाज आणि कान, तिन्ही इथे तयार आहेत. त्यांच्यासाठी कोणी संहिता लिहिलेली नाही, उणीव एवढीच आहे.

संगीत नाटक म्हणजे जुन्या नाट्यपदांचा रियाज, असा समज या कामाच्या आड येतो. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले, तेव्हा त्यांनी लोकांच्या ओठांवरच्या चाली निःसंकोच उचलल्या होत्या. कीर्तनातली, बायकांच्या गाण्यातली, लावणीच्या वळणाची चाल प्रेक्षकाला ओळखीची होती, म्हणून नाटक घराघरात पोहोचले. 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवांनी रागदारीचे वैभव दिले, ती पुढची पायरी. अलीकडचे उदाहरण ‘संगीत देवबाभळी’चे. 2017 साली व्यावसायिक रंगभूमीवर आलेले नाशिकच्या प्राजक्त देशमुखांचे हे नाटक रंगमंचावर दोनच बायका उभ्या करते, तुकारामांची आवली आणि रखुमाई. अभंग आणि ओव्यांच्या वळणाच्या गाण्यांवर त्याचे शेकडो प्रयोग झाले, लेखकाला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही मिळाला. दोन पात्रे, आटोपशीर नेपथ्य आणि मातीतले गाणे एवढ्या भांडवलावर आजचा प्रेक्षक खेचता येतो, हे त्याने दाखवून दिले. धवल्यांच्या चालीवर बांधलेले, आगरी बोलीतले, खाडी-रेती-गोदामांच्या काळातले संगीत नाटक लिहायला यापेक्षा चांगली वेळ कोणती?

ते लिहून होईपर्यंत काय, याचे उत्तर राज्य नाट्य स्पर्धेतच आहे. हौशी संघ दोन-अडीच महिने तालमी करतो. नोकरी सांभाळून, कोणाच्या तरी घराच्या गच्चीवर किंवा शाळेच्या वर्गात. स्पर्धेच्या दिवशी टेम्पोतून नेपथ्याचे फ्लॅट, लेव्हल, प्रॉपर्टी येते. सकाळपासून नेपथ्य ठोकले जाते, दिवे लावले जातात, प्रयोग होतो आणि त्याच रात्री सगळे उतरवून पुन्हा टेम्पोत भरले जाते. अंतिम फेरीत गेला तर दुसरा प्रयोग. बहुतेकांच्या वाट्याला तो येत नाही आणि महिन्यांच्या मेहनतीचे लाकूडसामान कोणाच्या तरी गॅलरीत पडून राहते. हा अपव्यय जिवाला लागणारा आहे. यातली कितीतरी नाटके चांगली असतात.

ठाणे जिल्ह्यातल्या स्पर्धक संघांनी आपला दुसरा प्रयोग पुलाच्या अलीकडे करावा. त्यांच्या संहितांना रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आधीच मिळालेले असते, त्यामुळे परवानगीचे निम्मे काम झालेले असते. उरतात पोलिसांचा परवाना, ग्रामपंचायतीची जागा आणि वीज. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, म्हणून पहाटेपर्यंतचा झाडीपट्टीचा थाट इथे जमणार नाही. सातला पडदा उघडावा, पावणेदहाला पडावा. कोनमध्ये हिंदी बोलणारी वस्ती मोठी आहे. राज्य स्पर्धेच्या हिंदी विभागातलेही एक नाटक त्यात असावे. तिकीट असावेच, भले पन्नास रुपयांचे. फुकट कार्यक्रमाला लोक येतात आणि मध्येच उठूनही जातात. पन्नास रुपये मोजलेला माणूस बसतो आणि न आवडल्यास सांगतोही. नटांना दोन्हींची गरज असते.

खर्चाचा प्रश्न रास्त आहे. संघाच्या टेम्पोचे भाडे, दिवे आणि ध्वनी, चहा-जेवण यांपलीकडे हौशी प्रयोगाला फारसे लागत नाही. हळदीच्या एका रात्रीत डीजेवर याहून जास्त रक्कम जाते. गावातल्या मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतला थोडा भाग हिवाळ्यासाठी बाजूला काढला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचे पटांगण मिळाले, तर डिसेंबर ते फेब्रुवारी दर महिन्याला एक, असे तीन प्रयोग या हंगामात होऊ शकतात. प्राथमिक फेरी संपता संपता, संघांची नेपथ्ये मोडीत निघण्याआधी, कल्याण-ठाण्याच्या संस्थांना निमंत्रण गेले पाहिजे. म्हणजे ग्रामपंचायतीने आणि मंडळांनी बैठक दिवाळीपूर्वीच घ्यावी, आणि पहिली तारीख डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारची धरावी.