आभासी जगातली खोती

“पोरं मोबाईलमध्ये वाया चालली” हे वाक्य रोह्यात आता वस्तीपासून बाजारपेठेपर्यंत ऐकू येतं. विहारातली बैठकही या विषयाशिवाय संपत नाही. मला हे वाक्य अपुरं वाटतं, कारण त्यात फक्त पोरांचा दोष दिसतो. ज्या जगात ही पोरं रात्रीचे चार-चार तास काढतात ते कोणाच्या मालकीचं आहे? तिथे राबतं कोण आणि कमावतं कोण? आंबेडकरी माणसाने आधी हे विचारायला हवं.

बीजीएमआय, फ्री फायर, रोब्लॉक्स हे निव्वळ खेळ राहिलेले नाहीत. तिथे संघ आहेत, संघाचा लीडर आहे, सरावाच्या वेळा आहेत आणि दांडी मारणाऱ्याला काढून टाकणंही आहे. धाटाव एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबणारा मुलगा ड्युटी संपवून घरी येतो आणि रात्री दहाला मोबाईलवर दुसऱ्या ड्युटीला बसतो. कोणी खातं वरच्या लेव्हलला नेऊन विकतो, कोणी लाईव्ह स्ट्रीम करतो, कोणी दुसऱ्यासाठी खेळून पैसे घेतो. खातं विकणं कंपनीच्या नियमात बसत नाही. त्यामुळे पैसे बुडाले तर तक्रार करायला जागा नाही. आपण याला खेळ म्हणतो, म्हणून त्यातली मजुरी दिसत नाही.

आपल्या कोकणाला ही व्यवस्था नवी नाही. खोती म्हणजे काय होतं? कसणारा कूळ, राबणारा कूळ. पण जमिनीवर शब्द खोताचा. कुळाने वेठ करायची, वर खंड भरायचा आणि खोताची मर्जी फिरली की बाहेर पडायचं. याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरीत, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षं शेतकऱ्यांनी संप केला. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला.

आता आभासी जग पाहा. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘सेकंड लाइफ’मध्ये चक्क जमीन विकत मिळते, पण ती ठेवायची तर कंपनीला दरमहा पैसे भरायचे. रोब्लॉक्सवर शाळकरी मुलंही खेळ तयार करतात. मात्र रोबक्स विकत घेताना एक भाव आणि कमावलेले रोबक्स देऊन पैसे घेताना त्याहून बराच कमी भाव. फिलिपिन्समध्ये २०२१ मध्ये ‘ॲक्सी इन्फिनिटी’ने कहर केला. खेळात शिरायलाच मोठी रक्कम लागायची. म्हणून पैसेवाल्यांनी गरिबांना आपले ॲक्सी खेळायला दिले आणि कमाईत वाटा घेतला. मालकाला म्हणत ‘मॅनेजर’ आणि राबणाऱ्याला ‘स्कॉलर’. अर्धेलीची शेती ती हीच! २०२२ मध्ये त्यातल्या चलनाचा भाव कोसळला आणि स्कॉलर रिकाम्या हाताने घरी बसले.

आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झाला, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर, त्याच वर्षी जुलैमध्ये बीजीएमआय; तो मे २०२३ मध्ये परत आला. बंदीची कारणं सरकारने सुरक्षेची सांगितली. त्यावर वाद घालता येईल. पण ज्यांनी वर्षानुवर्षं खाती उभी केली त्यांचं काय, हे ना सरकारने विचारलं ना कंपन्यांनी. करारातच लिहिलेलं असतं की खातं तुमचं नाही, फक्त वापरायला दिलेलं आहे.

“कोणी जबरदस्ती केली? खेळू नका ना!” असं काही जण म्हणतील. कुळालाही हेच सांगितलं जायचं: परवडत नाही तर जमीन सोड. ज्याच्यापुढे दुसरी वाटच नाही, त्याच्या होकाराला स्वातंत्र्य म्हणायचं नसतं.

आणि जात? इथे मुलगा स्वतःचं नाव स्वतः ठेवतो, आडनाव कोणी विचारत नाही. ही मोकळीक खरी आहे, तिला कमी लेखू नये. पण ती टिकते किती? बक्षिसाचे पैसे यूपीआयवर पाठवताना आडनाव स्क्रीनवर येतंच. संघांच्या नावात जातीचा अभिमान मिरवला जातो आणि हरल्यावर व्हॉइस चॅटवर जातीवाचक शिव्या येतात. ऑनलाइन केलेला जातीय अपमानही ॲट्रॉसिटी कायद्याच्या कक्षेत येतो, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आपल्या किती मुलांना हे माहीत आहे?

ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. जुगार बंद झाला हे चांगलंच झालं. पण मान्यता खेळाला मिळाली. खेळणाऱ्याच्या श्रमाला मिळायची आहे. संघात घेताना लेखी करार, बक्षिसाच्या वाटणीचा उघड हिशेब, खातं बंद करण्याआधी नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी, या मागण्या आपण लावून धरायला हव्यात. मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करण्यासाठी झटलेल्या बाबासाहेबांची आपण लेकरं आहोत.

तेव्हा पालकांनो, मोबाईल हिसकावण्याआधी मुलाशेजारी बसा. किती तास गेले, किती पैसे आले, कोणी किती ठेवून घेतले, हे त्याच्याकडून वहीवर लिहून घ्या. शोषण आकड्यांत दिसलं की पोरगं स्वतःच प्रश्न विचारायला लागेल. संघटन तिथूनच सुरू होतं.

जय भीम!