पंच्याहत्तर रुपयांचा गुडघा

गेल्या रविवारी पेणला घरी होतो. सकाळी पेपर घेऊन लोळत पडलो होतो, तेवढ्यात मंडळाची पोरं वर्गणीला आली. कबड्डीचे सामने, प्रकाशझोतात, ३२ निमंत्रित संघ. गुळगुळीत कागदावरचं पत्रक होतं. त्यावर चौदा फोटो, आणि त्यातला एकही खेळाडूचा नाही. "दादा, तुम्ही आयटीवाले, पाच हजार तरी लिहा."

मी विचारलं, "खेळाडूंचा विमा काढलाय का?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक हसला आणि म्हणाला, "दादा, कबड्डी आहे, विमान नाय उडवायचं."

मंडळी, हा लेख त्या हसण्याबद्दल आहे.

माझा मामेभाऊ रोह्याजवळच्या एका गावचा. चढाईपटू. उजवीकडून आत शिरायचा आणि पाय असा काढायचा की कोपरारक्षकाच्या हातात नुसती माती यायची. दिवसा एका कारखान्यात कंत्राटावर काम आणि डिसेंबर ते मे रात्री सामने. घरात ढाली ठेवायला जागा नाही. दोन वर्षांपूर्वी उपांत्य सामन्यात एकाने घोटा धरला, दुसऱ्याने बाजूने धडक दिली, पाय मातीत रुतलेला तसाच राहिला आणि गुडघा फिरला. लिगामेंट तुटलं. मैदानावर डॉक्टर नव्हता, बर्फसुद्धा शीतपेयांच्या टपरीवरून आणला. पोरांनी टाळ्या वाजवत उचलून बाहेर नेलं आणि तीन मिनिटांत सामना पुन्हा सुरू.

पनवेलला ऑपरेशन झालं. पावणेदोन लाख. मामाने मामीच्या पाटल्या गहाण टाकल्या. कंत्राटदाराने चौथ्या दिवशी दुसरा माणूस घेतला. आयोजकांनी घरी येऊन शाल आणि नारळ दिला. भेटायला गेलो तेव्हा मामाच म्हणाला, "अरे, खेळ म्हटला की लागायचंच." मामांपुढे मी बोललो नाही, म्हणून इथे बोलतोय.

खेळ म्हटला की लागायचंच, हे कबूल. पण लागल्यावर बिल कोणी भरायचं, याचं उत्तर त्या वाक्यात कुठे आहे?

आता आपल्यासारखे लोक काय करतात? प्रो कबड्डीचा लिलाव झाला की आकडे फॉरवर्ड करतात. २०१४ च्या पहिल्या हंगामात सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार होता, पाटणा पायरेट्सने १२.८० लाखाला घेतलेला. २०२३ मध्ये पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६०.५ लाख मोजले. "बघा, कबड्डीत आता करिअर आहे!" अहो, आहे ना. १२ संघ, संघात फार तर २५ जण, म्हणजे अख्ख्या देशासाठी ३०० जागा, त्यात इराणी वगैरे परदेशीही आले. २०२३ पासून सगळ्यात खालच्या 'ड' गटाची मूळ किंमत ९ लाख. दोन-तीन महिन्यांच्या कामाला वाईट नाही म्हणाल, पण पुढच्या वर्षी बोली लागेलच याची हमी नाही. २०२० मध्ये तर कोरोनामुळे हंगामच झाला नाही.

आणि वरच्यांचं तरी काय? आपल्या कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई घ्या. २०१८ ला यू मुंबाने ३६.४ लाखाला घेतला, पोराने धुमाकूळ घातला, २०१९ ला तेलुगू टायटन्सकडे १.४५ कोटी. २०२१ ला १.३० कोटी. त्या हंगामात दुखापत झाली, बहुतेक सामने बाहेर बसून काढले, आणि २०२२ ला भाव २० लाख. २०२३ ला हरियाणा स्टीलर्सने पुन्हा १ कोटी दिले. आपलं पॅकेज असं वरखाली झालं असतं तर आपण होमलोन घेतलं असतं का? आणि हा देशातल्या सर्वोत्तम चढाईपटूंपैकी एक. रोह्याच्या पोराचं काय विचारता!

आधीच्या पिढीचं करिअर लिलावावर नव्हतं, नोकरीवर होतं. एअर इंडिया, देना बँक, महिंद्रा, भारत पेट्रोलियम, रेल्वे, पोलीस. चांगला खेळलास तर कुठेतरी चिकटायचास, आणि मग गुडघा गेला तरी टेबल राहायचं, फंड राहायचा. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे गेली. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी लागते. गावोगावच्या निमंत्रित स्पर्धांच्या ढाली तिथे चालत नाहीत. म्हणजे जिथे पोरं सगळ्यात जास्त खेळतात, आणि सगळ्यात जास्त पडतात, त्या मैदानाचा हिशोब कुठल्याच वहीत नाही.

जरा अवांतर. आमचा क्लायंट ओहायोचा. २ जानेवारी २०२३ ला तिथे सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात (हाताने खेळतात त्याला फुटबॉल का म्हणतात ते सोडा) डमार हॅमलिन नावाचा बफेलोचा २४ वर्षांचा खेळाडू एक पकड करून उठला आणि कोसळला. हृदय बंद पडलं होतं. मैदानावरच छाती दाबून त्याला परत आणला, कारण माणसं आणि यंत्रं बाजूला तयार उभी होती. सामना तिथेच थांबला तो थांबलाच. आमच्या त्या दिवशीच्या कॉलवर कोणी कामाचं बोललं नाही.

हा खेळ काही साधूंचा नाही. त्यांची संघटनाच सांगते की खेळाडूचं सरासरी करिअर साधारण सव्वातीन वर्षांचं. करारातले बरेचसे पैसे हमीचे नसतात. हॅमलिनच्या करारानुसार जखमींच्या यादीत गेल्यावर त्याचा पगार कमी व्हायचा होता, तेव्हा ओरड झाली आणि क्लब व लीगने पूर्ण पगार द्यायचं ठरवलं. पेन्शनला तीन हंगाम लागतात आणि तो दुसऱ्याच हंगामात होता, यावरही तिथे चर्चा झाली. म्हणजे भांडायला निदान काहीतरी लिहिलेलं होतं! १९५६ पासून संघटना आहे, संप झालेत, कलमं आहेत. माझ्या मामेभावाने कुठलं कलम दाखवायचं? शालीचं?

"अमेरिकेचं सांगू नका, तिकडे पैसा आहे" असं म्हणणारे असतीलच. बरं, अमेरिका सोडा. आपली दहीहंडी घ्या. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५० हजार गोविंदांचा विमा काढला. हप्ता माणशी ७५ रुपये, एकूण साडेसदतीस लाख. मृत्यूला १० लाख, एक हात किंवा पाय गेला तर ५ लाख, दवाखान्याच्या खर्चाला १ लाखापर्यंत. ७५ रुपये! पेण स्टँडवर दोघांचा चहा-वडापाव होतो तेवढ्यात.

आता साधं गणित. ३२ संघ, संघात १२ जण, ३८४ खेळाडू. ७५ रुपयांनी २८,८००. कबड्डीत पडण्याचं प्रमाण जास्त, शिवाय सरकारसारखा घाऊक दर आपल्याला मिळायचा नाही, म्हणून माणशी २०० धरा. ७६,८००. त्या एक लाखात मामेभावाचं अख्खं ऑपरेशन बसलं नसतं हे मला माहीत आहे, पण पाटल्या बहुधा वाचल्या असत्या. पत्रकावरचे चौदा फोटोवाले प्रत्येकी साडेपाच हजार देतील तर झालं काम. फटाके, डीजे, कमानी यांना पैसे मिळतात ना?

"आम्हीपण खेळलो, आम्हाला कोणी विमा काढला होता?" नव्हता काढला, काका. म्हणून तर तुम्ही जिना चढताना कठडा धरता.

आणि आपण! आपल्याला कंपनीचा मेडिक्लेम, त्यात आईवडील, त्यावर टॉप-अप. खुर्चीत बसून मान दुखली तर फिजिओथेरपीचं बिल परत मिळतं. आणि पाच हजाराची पावती फाडून जर्सीवर नाव छापून घेतो आणि मातीतल्या खेळाला मदत केल्याचं स्टेटस टाकतो. मीपण टाकलंय, खोटं कशाला बोलू. ज्या सामन्यात भावाचा गुडघा गेला, त्या सामन्याच्या वर्गणीच्या यादीत माझं नाव होतं.

असो. परवा रविवारी मी पावतीवर काहीच लिहिलं नाही. म्हटलं, विम्याची चौकशी करा, ३८४ माणसांचे निम्मे पैसे मी आणि माझे दोन मित्र देतो. पोरं नाराज होऊन गेली. बुधवारी त्यातल्याच एकाचा, त्या हसणाऱ्याचा, फोन आला. "दादा, एजंट नावं आणि जन्मतारखा मागतोय. आपल्याकडे संघ आयत्या वेळी बदलतात, कसं करायचं?" मी एक्सेल शीट बनवून पाठवलं. काल रात्रीपर्यंत १९ संघांची नावं आली होती. उरलेल्या तेरांमध्ये मामेभावाच्या गावचा संघ आहे. आज दुपारच्या गाडीने रोह्याला चाललोय.