भावनिक व्हायला हरकत नाही

वर्षभर एक गोष्ट मनात ठसठसते आहे. आपल्या सार्वजनिक जीवनात भावना दुखावायला वेळ लागत नाही. पुस्तकातलं एखादं पान, नाटकातला एखादा संवाद पुरतो. मोर्चे निघतात, गुन्हे दाखल होतात. तिथे कुणी कुणाला 'जरा प्रॅक्टिकल व्हा' असं म्हणत नाही. पण एखादी परिचारिका ड्यूटी संपल्यावर घटकाभर एकट्या म्हातारीच्या खाटेपाशी बसली, की चारजणी तिला समजवायला येतात, 'इतकं मनावर घेऊ नकोस गं.' चिडायला काळीज हवं आणि कळवळायला नको, हा उफराटा न्याय आम्हाला मान्य नाही. यंदाच्या अंकाचा विषय 'काळीज' ठेवला तो त्यासाठीच.

२०२५ हे वर्ष तसं गजबजलेलं गेलं. पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान पेटलं आणि जूनअखेर सरकारने निर्णय मागे घेतला. जुलैत शिवकालीन किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यात आणि सोलापूरकडे उभ्या पिकांबरोबर खालची मातीही नेली. या सगळ्यावर आत लेख आहेत.

मला सांगायचं आहे ते बीड जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या लेखाबद्दल. विषय, ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा. पूर्वार्ध नोंदींचा आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली की नवरा-बायकोचा कोयता जातोच, आणि मागे सांभाळणारं कुणी नसेल तर पोरही फडावर जातं. उत्तरार्धात ट्रक निघायच्या आदल्या रात्री बाई चौथीतल्या एका मुलीच्या घरी जातात. भांडी पोत्यात भरून झालेली. आजी म्हणते, 'मलाच धड दिसत नाही, पोरीकडं कोण बघंल?' बाई वाद घालत नाहीत. शेजारणीला बोलावतात, रात्रीची भाकरी कुणाकडे ते तिथेच ठरवतात, आजीला डोळे दाखवायला कोणत्या दिवशी न्यायचं तेही ठरवतात. मुलगी शाळेत राहते. लेखासोबतच्या चिठ्ठीत बाईंनी लिहिलं होतं, 'शेवटचा भाग जरा भावनिक झाला आहे, कापला तरी चालेल.' तो कापला असता तर मुलं शाळेतून का गळतात एवढंच वाचकांना कळलं असतं, ती कशी थांबवता येतात ते कळलं नसतं. लेख पूर्ण छापला आहे.

ही भीड आपल्याकडे जुनी आहे. साने गुरुजींना आपण 'रडके' ठरवून मोकळे झालो. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या जन्माला १२५ वर्षं झाली, तरी तो शिक्का गेलेला नाही. या रडक्या माणसाने काय केलं ते बघा. अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडल्या आणि त्यांच्यासाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढलं. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतले सत्याग्रही भेटले, त्यांच्या भाषा आपल्याला येत नाहीत याची खंत लागली, आणि त्या खंतीतून एकमेकांच्या भाषा शिकण्याचं, आंतरभारतीचं स्वप्न उभं राहिलं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसायचं ठरवलं तेव्हा सहकाऱ्यांनी ते पुढे ढकलायला लावलं. मधले महिने गुरुजी घरी बसले नाहीत. महाराष्ट्रभर हिंडले, सभा घेतल्या, गावोगावच्या विहिरी आणि देवळं खुली करा म्हणून विनवलं. १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू झालं. ते सोडा असं खुद्द गांधीजींनी कळवलं, तरी गुरुजी हटले नाहीत. १० मे रोजी मंदिर खुलं करायचं मान्य झालं. याला हळवेपणा म्हणायचं असेल तर महाराष्ट्राला तो आणखी हवा आहे.

काळजाने काम करणारा माणूस हिशेबात कच्चा, असं मानणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथे नवजात बाळांचे मृत्यू नशिबावर सोडले नाहीत. घरोघरचा जन्म आणि मृत्यू नोंदवला, गावातल्याच बायकांना बाळाचा श्वास मोजायला, त्याला ऊब द्यायला, गरज पडली तर इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. आज देशभर आशाताई बाळ-बाळंतिणीच्या घरी जाऊन चौकशी करतात, त्या कामाची पायवाट गडचिरोलीत पडली. कळवळा होता म्हणून तर एकेक बाळ मोजावंसं वाटलं.

भावनिक व्हायला कचरण्याची ही सावधगिरी प्रेमातही शिरली आहे. माणूस आवडलाय हे कबूल करण्याआधी तरुण मुलं-मुली पॅकेज आणि फ्लॅटचा विचार करून घेतात. घरभाड्याचे आकडे पाहिले की त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, पण वाईट फार वाटतं. कथाविभागात हा विषय आहे. मी त्यात अधिक भर घालत नाही.

तुम्ही वर्षानुवर्षं हा अंक घेता, म्हणून एक काम हक्काने सांगतो. पुराच्या पट्ट्यातल्या शाळांसाठी आम्ही पुस्तकं गोळा करतो आहोत. पत्ता शेवटच्या पानावर आहे. रद्दीतली नकोत. द्यायला जिवावर येईल अशी दोन निवडा, आत कुठल्याही मुलाच्या नावे चार ओळी लिहा आणि डिसेंबरच्या आत पाठवा.